थोरलीचा मोठा केलेला फोटो

माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. तिला सांभाळायला परकी बाई नको म्हणून वर्षाच्या आत मला त्याच घरात दिली, थोरलीच्याच नवऱ्याला. चौथी झाल्यावर मी घरीच होते. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. मुलगी मला मावशीच म्हणायची. सासूबाई दटावायच्या, "आई म्हण की गं तिला." ती म्हणायची नाही. मला त्याचा राग कधी आला नाही.

मुलगी शाळेत जाऊ लागली. एकदा मैत्रिणीच्या घरी तिनं भिंतीवर हार घातलेला फोटो बघितला आणि येऊन म्हणाली, "मावशे, माझ्या आईचा फोटो कुठाय?"

थोरलीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. आमच्यात बायकांचे फोटो कोण काढतंय? कोरेगावच्या चुलत भावाच्या लग्नात वऱ्हाडाचा एक काढला होता, तेवढाच. त्यात ती मागच्या रांगेत, दोघींच्या खांद्यांमधून दिसायची. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा, पदर कपाळावर ओढलेला. तो भावाकडनं मागून आणला. मुलीनं तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उन्हात धरला. "दिसंना," म्हणाली. मग तिनं वडलांच्या मागं धोशाच लावला, मोठा करून आणा म्हणून.

आम्ही मलकापूरला राहायचो. तिथनं कराड जवळ. तिथल्या एका फोटोवाल्यानं तेवढा चेहरा उचलून वहीच्या पानाएवढा करून दिला. आम्ही आणायला गेलो तर कागदावर नुसते काळे-करडे ठिपके. डोळ्यांच्या जागी दोन डाग, नाक नाहीच.

"हे काय हो?" मुलीचे वडील म्हणाले. "ह्यात माणूस कुठाय?"

"बारक्या फोटोत जेवढं हाय, तेवढंच मोठं हुतंय मालक. जे त्यात न्हाईच, ते मी कुठनं आणू?" फोटोवाला म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "ह्या कोण?"

"तिची धाकटी."

"सख्खी? मग असं बोला की! बसवा हितं. ह्यांचा फोटो काढतो, आन् त्याच्यावरनं आमचा पेंटर हातानं भरून देतोय. डोळं, नाक घरातलंच असलं की जुळतंय."

मी म्हणाले, "नको." पण ते कुणाला ऐकू गेलं नसावं. मला स्टुलावर बसवलं. दिव्यांनी तोंड भाजत होतं. "वर बघा ताई. आवं, जमिनीला काय बघताय, फोटो तिचा काढायचाय का?" आतली माणसं हसली. मी वर बघितलं. माझाही तो पहिलाच फोटो.

चित्र तयार होऊन आलं. मोठं कुंकू, नाकात थोरलीची नथ, तिच्यासारखा ओढलेला पदर. सासूबाईंनी हात जोडले. "लय झ्याक. अगदी हुबेहूब." शेजारणीही तसंच म्हणाल्या. मुलीचे वडील बराच वेळ बघत राहिले आणि खिळा ठोकायला उठले. झेंडूचा हार घातला. मुलगी मात्र एकदा चित्राकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

"थोरली उभट होती," मला सांगायचं होतं. "तिची हनुवटी अशी नव्हती. हसली की एक डोळा बारीक व्हायचा." पण सगळे खूश होते. मी चहा ठेवला.

महिन्याभरानं आई आली. ते दुष्काळाचं वर्ष होतं. आटपाडीकडं खडी फोडायच्या कामावर जाऊन तिचे हात फुटले होते. उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि तिची नजर भिंतीवर गेली. तिला कुणी काही सांगायच्या आधीच ती ओरडली.

"आगं बया! हिला हार कुणी घातला? जित्त्या माणसाला हार घालताय व्हय रं मुडद्यांनो!"

"आवं विहीणबाय, ती थोरली हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मला सांगू नगा. मी जल्म दिलाय. थोरली न्हाई ती, माझी धाकटी हाय." तिनं पाटावर चढून हार ओढून काढला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग खाली बसून रडू लागली. थोरलीसाठी रडत होती की माझ्यासाठी, मला कळलं नाही.

मुलगी दारात उभी होती. "मग माझ्या आईचा फोटो कुठाय?" तिनं विचारलं. वऱ्हाडाचा फोटो चुलत भावानं केव्हाच परत नेला होता, आणि नसता नेला तरी त्यात काय दिसणार होतं.

त्या दिवसापासून चित्राला हार घालायचा नाही असं ठरलं. जिवंत माणसाला अपशकुन नको. सणाला घरातले त्याच्या पाया पडेनात. पण खिळ्यावरून ते कुणी उतरवलंही नाही.

आता पाहुणे येतात, वर बघतात आणि विचारतात, "हा तुमचा का वो? लग्नातला?"

सुरुवातीला मुलगी पुढं होऊन सांगायची, "न्हाई, माझ्या आईचा हाय." परवा मामंजींच्या गावच्या एका बाईनं विचारलं, तेव्हा मुलगी शेजारीच शेंगा सोलत बसली होती. मी थोडा वेळ वाट बघितली. तिनं मान वर केली नाही. मग मीच म्हणाले, "व्हय, माझाच."