रूटची किल्ली दादांच्या टेबलावर

चितेगावच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला आम्ही दोघंच. मी आणि माझ्याहून बरेच मोठे एक सहकारी, ज्यांना मी दादा म्हणायचे. ऑफिसातले विंडोजचे कॉम्प्युटर माझ्याकडं, उत्पादनाचा लिनक्स सर्व्हर त्यांच्याकडं. विंडोजवर जवळपास प्रत्येकाला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार होते. मी ते काढून घेऊ म्हटलं की साहेब लोक नाराज व्हायचे. दादांनी मात्र लिनक्सचं रूट, म्हणजे काहीही करू शकणारं मुख्य खातं, बाहेरून लॉगिनला बंद ठेवलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता.

एका सकाळी अकाउंट्समधल्या बाईंचा फोन आला, फायली उघडत नाहीत. जाऊन बघते तर फायलींची नावंच बदललेली; फायली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला होता. पाठोपाठ खरेदी विभागातूनही तेच. मी दिसेल त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर उपटत सुटले.

सर्व्हर रूममध्ये दादा शांत होते. "आपल्या लिनक्सला कायबी व्हत नाय," म्हणाले.

मी त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही सर्व्हरमध्ये शिरता कुठून?"

ते वळून स्वतःच्या टेबलाकडं बघायला लागले. शिरायचे ते टेबलावरच्या विंडोज कॉम्प्युटरवरून. लॉगिनची किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी एक छोटी फाईल, त्याच्यावरच होती. आणि त्यांच्या खात्याला पासवर्ड न विचारता रूटचे अधिकार मिळत होते.

आम्ही सर्व्हरच्याच स्क्रीनवर लॉगिनच्या नोंदी उघडल्या. दादांच्या नावानं, दादांच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी त्या क्षणी आत होतं. आणि दादा तर माझ्या शेजारी उभे.

सर्व्हर नेटवर्कपासून तोडला की उत्पादनाची लाईन बंद पडणार होती. माझा हात वायरीवर गेला आणि तिथंच थांबला.

"वढ," दादा म्हणाले.

मी ओढली. बाहेर मशिनींचा आवाज एकेक करत थांबला. मॅनेजर तणतणत आले, लाईन कुणी बंद केली म्हणून. मी तोंड उघडायच्या आत दादांनी सांगितलं, "मी केली."

सर्व्हर वाचला. आत आलेल्यानं नुसती चाचपणी केली होती. अकाउंट्सच्या बऱ्याच फायली मात्र कायमच्या गेल्या, आणि त्या बाईंना आठवून आठवून सगळं पुन्हा भरावं लागलं. अधिकार सगळ्यांचेच काढले, तेव्हा कुणी कुरकुरलं नाही.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये दादा खिडकीबाहेर बघत बसले होते. क्रांती चौकात उतरताना एवढंच म्हणाले, "उद्या माझा सर्व्हर तू तपास. मला माझं दिसत नाय."