इथं असा कोणी राहत नाही

काकू कोणत्याही भाडेकरूला नावानं हाक मारत नसत. खालच्या खोलीतला मास्तर म्हणजे 'खालचा', विहिरीजवळच्या खोलीतली नर्सबाई म्हणजे 'विहिरीवाली' आणि मी 'वरचा'. भंडाऱ्यात त्यांच्या घरी मी दोन वर्षं काढली, पण माझं नाव त्यांना ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नाही.

संध्याकाळी त्या फाटकाशी खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसायच्या. मी रक्त तपासणीच्या लॅबमधून परतलो की मान वर न करता विचारायच्या, "जेवला?" मी म्हणायचो, "बनवतो आता." झालं. कित्येक दिवस कामाबाहेरचं माझ्याशी कोणी बोललेलं तेवढंच असायचं.

मी आसगावचा. घरी धानाची शेती. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारा मी पहिला, आणि याचा मला अभिमान आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण भंडाऱ्यात माझ्या नावाचं काहीच नव्हतं. खोली काकूंची, सिलेंडर मास्तरांचा, सिमकार्डसुद्धा बाबांच्या नावावर. म्हणून मला क्रेडिट कार्ड हवं होतं. खरेदीचं फारसं काही डोक्यात नव्हतं. आपलं नाव कोरलेली एक वस्तू खिशात असावी, एवढंच.

बँकेतला साहेब माझ्याच वयाचा. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "तुमचा स्कोअरच दिसत नाही. कधी कर्ज घेतलंच नाही का?"

"आमच्या घरात कोणीच घेतलं नाही," मी ताठ मानेनं सांगितलं.

"तीच तर अडचण आहे. तुमचा काही इतिहासच नाही."

फोनवर बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "काहीच नाही केलं, त्याची बी सजा भेटते का रे?"

मग साहेबानंच वाट सुचवली. मुदत ठेव ठेवायची, तिच्या आधारावर कार्ड मिळतं. साठवलेलं सगळं ठेवीत घातलं. खोली भाड्याची, म्हणून पत्ता तपासायला माणूस जाणार होता. आठ दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: 'अर्जदार या पत्त्यावर राहत नाही. घरमालकीण ओळखत नाही.'

ती ओळ मी बँकेत उभ्या-उभ्या तीनदा वाचली. दोन वर्षं ज्या फाटकातून रोज आत जात होतो, तिथं मी नव्हतोच. त्या संध्याकाळी काकूंनी "जेवला?" म्हटलं, तेव्हा मी थांबलो.

"काकू, तुम्ही मला ओळखत नाही?"

"काहून? का झालं?"

"बँकेचा माणूस आला होता. इथं असा कोणी राहत नाही, असं सांगितलं तुम्ही त्याला."

त्यांचा सुपातला हात थांबला. "थो बँकेचा होता? अरे बाप्पा! फाइल घेऊन गाडीवर आला, पूर्ण नाव घेऊन विचारून राहिला. मले वाटलं, वसुलीवाला. विहिरीवालीले असेच शोधत आले होते, गल्लीभर तमाशा केला तिचा. मी म्हटलं, आपल्या पोट्ट्याचा पत्ता मी कायले देऊ?"

"म्हणजे माझं नाव माहीत होतं तुम्हाला?"

"प्रमोद तुळशीराम. आसगाव, तालुका पवनी. तुया बापाचा नंबरबी पाठ आहे मले. एकटा राहतेस वर. ताप-गीप आला तर कोणाले सांगू?"

मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसलो. त्याच म्हणाल्या, "उद्या सुट्टी घे. येतो मी बँकेत."

दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून, घरटॅक्सची पावती पिशवीत घालून त्या ऑटोत बसल्या. साहेबासमोरच्या खुर्चीवर त्यानं म्हणायच्या आधीच टेकल्या.

"तुम्ही यांना कितपत ओळखता, आजी?"

"सातले जाते, सातले येते. भाजी करते, अर्धी जाळते. दारू नाही, बिडी नाही. रविवारी कपडे धुते अन् खिडकीत बसून राहते. दोन साल झाले साहेब, याच्याकडे कोणी म्हणजे कोणीच आलं नाही. दोस्त नाही, पाव्हणा नाही. इतका चांगला पोट्टा आहे हा!"

रांगेतल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी कान तापेपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो. जे मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं, ते काकूंनी माझ्या चांगुलपणाचा दाखला म्हणून भर बँकेत वाचून दाखवलं होतं. साहेबानं खाली मान घालून लिहिलं, 'ओळख पटली.'

कार्ड आलं. थोड्याच दिवसांत पुण्यात नोकरी लागली, मी खोली सोडली. दर दिवाळीला काकूंना फोन करायचो, त्या "जेवला?" विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. एका दिवाळीला फोन लागला नाही. नर्सबाईंना शोधून विचारलं, तर काकू जाऊन दोन महिने झाले होते. "तुम्हाला कोणी कळवलं नाही?" त्यांनी विचारलं. कोण कळवणार? माझा नंबर त्या घरात फक्त काकूंकडेच होता.

गेल्या महिन्यात दुसरं कार्ड घेतलं. मोबाइलवरच चार मिनिटांत मंजूर झालं. माझा इतिहास आता उत्तम आहे म्हणे. तरी मी हेल्पलाइनला फोन लावला. पत्ता तपासायला माणूस कधी येईल, विचारलं. रविवारी मी घरीच असतो, असंही सांगितलं.

"नाही सर," पलीकडची मुलगी म्हणाली, "आता कोणी येत नाही."