जीपचा मागचा एक्सल मिस्त्रींनी निवडला नव्हता

गौरवग्रंथाच्या समितीने वसंत मिस्त्रींचा जीवनपट छापून आम्हा लिहिणाऱ्यांना आधीच पाठवला आहे. त्यात तिसऱ्या पानावर लिहिलंय की उतारवयात मिस्त्रींची नजरचूक झाली, एका जुन्या जीपला त्यांनी भलताच मागचा एक्सल बसवला, त्यापायी एक होडी फुटली, तरी ते खचले नाहीत. ती जीप आमची. होडी माझ्या दिराची. आणि हे वाक्य धादांत खोटं. माणसाला पंचाहत्तरीला शाल घालायची आणि त्याच शालीत दुसऱ्याची चूक बांधून द्यायची, ही कुठली रीत? लिहिणाऱ्याने मला एक फोन केला असता तर त्याची बोटं झिजली नसती.

आता नमस्कार करते. मी नेरूळच्या खाडीकाठच्या गावात राहते. मासळी विकून संसार केला, शाळा चौथीत सुटली. सजवून लिहिता येत नाही, पाहिलं ते लिहिते.

मिस्त्रींची ओळख झाली त्याला तीस वर्षं होतील. आमच्या मालकांनी लिलावात ही जीप घेतली, चारही चाकांना जोर देता येणारी. चिखलातून मासळीच्या पाट्या रस्त्यापर्यंत आणायच्या, आणि पावसाळी बंदीच्या आधी गावच्या होड्या धक्क्याच्या उतारावरून वर ओढायच्या, ही तिची कामं. पहिल्याच महिन्यात ती कुरकुरायला लागली म्हणून तुर्भ्याला मिस्त्रींच्या शेडमध्ये नेली. मालक इंजिनाबद्दल बोलत राहिले. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि मागे पाट्यांमध्ये बसलेल्या मला विचारलं, "वहिनी, आवाज कुठून येतो?" मी म्हटलं, वळताना येतो, डाव्या मागच्या चाकातून. तिथेच बिघाड निघाला. मालक घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मिस्त्री आजही आधी बसणाऱ्याला विचारतात, चालवणाऱ्याला नंतर. चालवणारा गाडीची बाजू घेतो, असं त्यांचं म्हणणं.

मालक गेले तेव्हा मिस्त्री दहाव्याला आले होते. बाकीचे माझी समजूत घालत बसले. मिस्त्रींनी अंगणातल्या जीपची बॅटरी उतरलेली पाहिली, काढून नेली, दुसऱ्या दिवशी चार्ज करून आणून बसवली. म्हणाले, गाडी उभी ठेवू नका, उभी राहिली की खराब होते. त्या आठवड्यात मी पुन्हा धंद्यावर गेले.

आता त्या एक्सलचं सांगते. सहा वर्षांपूर्वी, होड्या वर घ्यायच्या ऐन दिवसांत, जीपचा मागचा एक्सल गेला. एक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा दांडा, मध्ये गोळा, गोळ्याच्या आत दातेरी चाकं. दांडा वाकला होता, आतले दाते उडाले होते, बदलण्यावाचून इलाज नव्हता. जीप दोरीने ओढत तुर्भ्याला नेली. माझा मुलगा गजानन, गाडी तोच चालवतो, भंगारातून एक एक्सल पसंत करून टेम्पोत घालून तिथेच घेऊन आला. कुठल्या तरी नव्या गाडीचा, जाडजूड, काळा रंग मारलेला.

"काका, बगा केवरा जाड हाय. जन्मात तुटनार नाय."

"हा नाही तुटणार," मिस्त्री म्हणाले. "दुसरं काही तरी तोडेल."

त्यावर गजाननने तोंड वाकडं केलं. पण मिस्त्री मोजल्याशिवाय नाही म्हणत नाहीत. त्यांनी जीपचं पुढचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर ठेवलं. चाकावर खडूची रेघ मारली, खाली इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टवर दुसरी. मला म्हणाले, वहिनी, चाक बरोबर दोन फेरे फिरवा. ते गाडीखाली आडवे झाले, मी फिरवलं. शाफ्ट पाच फेऱ्यांच्या थोडा पुढे गेला. मग भंगारातल्या एक्सलचं एक टोक अडकवून दुसरं तसंच फिरवलं. तिथे चारच फेरे आणि वर थोडं. पुन्हा केलं, तेच आलं.

मिस्त्रींनी गजाननला समोर बसवून समजावलं. पुढची चाकं एका चालीने जाणार, मागची दुसऱ्या. चिखलात चालून जाईल, चिखल चाकाला घसरू देतो. सिमेंटच्या उतारावर चारही चाकांना जोर दिलास की ती एकमेकांशी भांडतील आणि मधला गिअरबॉक्स फुटेल. पुढच्याच्या जोडीचा एक्सल मी शोधून देतो, मला पंधरा दिवस दे.

गजाननला थांबायला वेळ नव्हता. होड्या काय पाण्यात कुजवू, असं मिस्त्रींच्या तोंडावर बोलला. जीप आणि तो काळा एक्सल घेऊन खांदेश्वरच्या बाजूला गेला आणि कोणाकडून तरी बसवून आला. मी अडवलं, ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी धक्क्याच्या उतारावर दिराची होडी ओढत असताना जीपच्या पोटात कडाड आवाज झाला. जोर गेला, जीप मागे घसरली, होडी तिच्याआधी खाली जाऊन दगडांवर आदळली आणि तिची एक बाजू उघडी पडली. दीर मागे होडीला खांदा लावून होता. त्याने बाजूला उडी मारली म्हणून आज आहे. गावाने विचारलं, एक्सल कोणी बसवला? गजानन म्हणाला, "गारी मिस्त्रींच्या शेडमधीच होती ना." शब्द खरे, सांगणं खोटं.

आठव्या दिवशी मिस्त्री स्वतः जोडीचा एक्सल घेऊन गावात आले. आतला दाता न् दाता तपासून, धुऊन आणला होता. जीप अजून उतारावरच होती. फुटलेला गिअरबॉक्स उतरवून त्याची डागडुजी केली आणि एक्सल बसवला. दोन दिवस उन्हात गाडीखाली पडून होते. सभोवती लोक उभे राहून बोलत होते, चूक केली, आता निस्तरायला आलाय. त्यांना ऐकू जात होतं. चहा नेला तेव्हा मी म्हटलं, मिस्त्री, मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगते.

"नको, वहिनी. गजाला याच गावात राहायचंय. मी काय, संध्याकाळी तुर्भ्याला जाणार."

मी गप्प बसले. ती माझी चूक, तीही इथे छापा. त्यानंतर गावची एकही गाडी मिस्त्रींच्या शेडला गेली नाही. मिस्त्री समोरून आले तर दीर आजही मान फिरवतो. ज्याने धोका आधी मोजून दाखवला त्याच्यावर नाव आलं, आणि ज्याने ऐकलं नाही तो सहा वर्षं मिस्त्रींनीच शोधलेल्या एक्सलवर गाडी पळवतोय.

आणि हा गजानन गौरव समितीत आहे. तिसरं पान वाचून खाली सही केली आहे त्याने. मी विचारलं तर म्हणतो, "आये, एक ओळ हाय, कोन वाचतंय." मी वाचली ना. बोललेलं हवेत जातं, छापलेलं मिस्त्रींची नातवंडं वाचतील.

मिस्त्रींसाठी मी मोठमोठं काही मागत नाही. त्यांचे गुडघे चालत राहोत, गाडीखालून आपले आपण उठता येवो, कान आहेत तसेच तीक्ष्ण राहोत, आणि आमच्या गावच्या गाड्या पुन्हा त्यांच्या दारात उभ्या राहून त्यांचं डोकं उठवोत, अशी पुष्कळ वर्षं त्यांना मिळोत.

समितीने ती ओळ काढावी. सत्काराच्या सभेला मी दिराला सोबत घेऊन येणार आहे, आणि तो एक्सल कोणी निवडला हे त्याने सगळ्यांदेखत विचारायचं, असं त्याला सांगून ठेवलं आहे. त्या वेळी मिस्त्रींनी खुर्चीतून उठायचं नाही, अध्यक्षांनी सारवासारव करायची नाही. उत्तर गजाननने द्यायचं, उभं राहून.