एका दिवशी एकच

मंगळवारी सकाळी मी दवाखान्यातल्या आपांना एक गोष्ट सांगायला खांडबाऱ्याहून सुरतेच्या गाडीत बसलो. नवापूर स्टेशनात फोन आला. आपा गेल्या होत्या.

आपा नवापूरला कॉम्प्युटर दुरुस्त करत. धापा टाकणारी जुनी यंत्रं त्यांच्याकडे येत. त्या नवीन काही बसवत नसत. आत न दिसता चालू राहणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, म्हणजे सर्व्हिसेसची, यादी उघडायची आणि एकेका नावावर बोट ठेवून अहिराणीत विचारायचं, "हाऊ कोन शे? आठे काय करी ऱ्हायना?" मी ग्रंथपाल. आमच्या ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरसमोर त्या पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, तुम्हनाकडे फॅक्स शे का?"

"नाही."

"मंग हाऊ फॅक्सवाला दहा वरीसफाईन कोन्ही वाट देखी ऱ्हायना?"

मला मोठ्याने हसायची सवय नाही. त्या दिवशी हसलो.

एका दिवशी त्या एकच सर्व्हिस बंद करत, वहीत तिचं नाव लिहीत आणि दुसऱ्या दिवशी फोन करून काही अडलं का ते विचारत. मला हा उशीर सोसत नसे. त्या म्हणत, "दोन एकदम बंद कऱ्यात आनि काही बिघडनं, ते दोष कोनले देशात?"

मेंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना सुरतेला नेलं, त्या आठवड्यात कॉम्प्युटर फारच रेंगाळू लागला. मी एका दुपारी तीन सर्व्हिसेस बंद केल्या. नावं लिहिली नाहीत. संध्याकाळी मराठी टाइप होईना. वार्षिक अहवाल अर्धाच झाला होता. मी आपांना फोन लावला.

"कितल्या बंद कऱ्यात?"

"एकच," मी म्हणालो. आठवलं ते एक नाव सांगितलं.

त्यांनी ती चालू करायला लावली. मराठी आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, आणखी एक उपाय सांगितला. तिसऱ्या दिवशी आवाज बारीक झाला होता. "एकच बंद करी व्हती ना, सर? मंग येवालेच पाहिजे. मन्हं डोकं चाली नही ऱ्हायनं का?"

मी म्हणालो, "तुम्ही आराम करा, आपा." रात्रभर झोप आली नाही. हे फोनवर नको, समोर बसून सांगावं, असं ठरवलं.

आपांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर त्यांच्या मुलीने वही माझ्या हातात दिली. "अम्मी दवाखान्यात हीच घेऊन बसायची," ती म्हणाली. ग्रंथालयाच्या पानावर चालू ठेवलेल्या सर्व्हिसेसची यादी होती. खाली अक्षर तिरपं होत गेलेलं: "सरांनी एकच बंद केली. म्हणजे चूक माझीच."

त्या यादीवरून मी उरलेल्या दोन सर्व्हिसेस शोधल्या. दुसरी चालू करताच मराठी आली. अहवाल पुरा करून पाठवला. वही माझ्याकडे आहे. आपांच्या मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही.