दुपारच्या झोपेसाठी बॅटरी

बाबा डोलवीच्या स्टील कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांना बहुतेक रात्रपाळीच असते. सकाळी ते निडीजवळच्या आमच्या घरी येतात, जेवून झोपतात. आणि लाइट नेमकी दुपारी जाते. पंखा थांबला की ते उठून ओटीवर येऊन बसायचे. एकदा कामावरून परतताना त्यांना बाईकवर डुलकी लागली आणि गाडी रस्त्याखाली उतरली. लागलं काही नाही, पण तेव्हापासून ते येईपर्यंत आई दारातच उभी असायची.

म्हणून सोलर घ्यायचं ठरलं. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे चौकशी माझ्यावर आली. मी कॉमर्सला आहे, हे कुणी मनावर घेतलं नाही.

मला वाटायचं, छपरावर पॅनेल बसले की उन्हात पंखा चालणारच. रोह्याच्या दुकानदाराने सांगितलं की साध्या जोडणीत लाइट गेली की पॅनेलही बंद पडतात, बॅटरी लागतेच. सरकारी अनुदान मात्र पॅनेलवर होतं, बॅटरीवर नाही. नियम बदलणार आहेत, मग बॅटरी महाग पडेल, आत्ताच मोठी घेऊन टाका, असं त्याचं म्हणणं. गल्फमधून परतलेले शेजारचे चाचा म्हणाले, थांब, पुढे बॅटरीवरही सूट मिळेल. नक्की दोघांनाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

रात्री काय काय चालवणार, असं दुकानदाराने विचारलं होतं. मी फ्रिज, टीव्ही, दिवे असं धरत गेले आणि बॅटरी आमच्या आवाक्याबाहेर गेली. शेवटी आईला विचारलं. ती मासे साफ करत होती.

"रात्री आपण काळोखात बसू गो. त्यांची झोप दुपारी हाय."

दुपारी तर ऊन असतंच. पंखा पॅनेलवर चालेल, बॅटरीने फक्त साथ द्यायची. मग लहानच घेतली, पुढे वाढवता येईल अशी. चाचा म्हणतात त्या सवलतीची वाट पाहिली असती तर उन्हाळा तसाच गेला असता. पावसाळ्यातल्या ढगांत ती पुरेल का, ते मला अजून सांगता येत नाही.

बसवल्यावर काही दिवसांनी दुपारी लाइट गेली. चाचा बघायला आले. टीव्ही बंद दिसला तसे ओटीवरूनच मोठ्याने म्हणाले, "एवढं करून टीव्ही नाय चालत? कॉलेजात शिकवतात तरी काय हिला?"

आईने आतल्या खोलीकडे पाहिलं.

"हळू बोला चाचा," ती म्हणाली. "ते झोपलेत."