माझा आवाज ओळखणारं भेकर

सकाळपासून कशातच मन लागत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर रबाळ्याच्या डोंगराला लागून आहे. मागच्या अंगणात दोन वर्षं भेकराची एक मादी यायची. भेकर म्हणजे लहान चणीचं रानटी हरीण. हिचा डावा कान फाटलेला होता, त्यामुळे मी तिला लांबूनच ओळखायचे. कोथिंबिरीचे देठ टाकून "ये गं" म्हटलं की ती झाडीतून बाहेर यायची. यंदा तिच्या मागोमाग तिचं पाडसही येऊ लागलं होतं.

शेजारच्या आजी मूळच्या तळवली गावच्या. त्या बजावायच्या, "बाय, रानाचा जनावर हाय तो. मानसाची सवय नको लावू."

"आजी, मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले आहे," मी त्यांना सुनावलं होतं.

आज सकाळी तीन भटकी कुत्री तिच्या मागे लागली. ती डोंगराच्या वाटेवर पुढे होती, सुटली असती. मी मागच्या दारातून जिवाच्या आकांताने ओरडले, "पळ! पळ!"

माझा आवाज ऐकून ती थांबली, वळली आणि थेट माझ्याकडे धावत आली.

कुंपणापाशी कुत्र्यांनी तिला गाठलं. मी काठी घेऊन पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आजींनी येऊन तिच्यावर आपलं जुनं लुगडं टाकलं.

दुपारी तिचं पाडस झाडीच्या कडेला येऊन उभं राहिलं. मी दगड उचलला, पण माझ्याने मारवला नाही. ते अजून तिथेच आहे, माझ्याकडे बघतं आहे.

कोणाला ठाऊक असेल तर सांगा, त्याला माझी भीती कशी शिकवू?