उन्हाळ्यात बंद केलेल्या गोळ्या

१२ एप्रिल. छुंद्यासाठी, म्हणजे उन्हात मुरवायच्या गोड लोणच्यासाठी, चार राजापुरी कैऱ्या किसायला घेतल्या. किसणं माझं, मीठ-साखर थोरल्या बहिणीची. वीस वर्षांपूर्वी संधिवाताने ताईची बोटं धरली, तेव्हापासूनची ही वाटणी.

बडोद्याचं ऊन तापू लागलं की ताई संधिवाताच्या गोळ्या बंद करायची. उष्ण पडतात म्हणे. बोटं सुजायची, तरी कुरकुर न करता ती छाणीहून रावपुऱ्यातल्या ऑफिसात जायची. जून सरला की गोळ्या पुन्हा सुरू. तिच्या डबीतल्या गोळ्या काढून कपाटात ठेवायचं काम माझं. वर चारचौघांत मी तिच्या सोसण्याचं कौतुक करायचे.

हल्ली ती विसरते, म्हणून काल डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, सूज बोटांपुरती राहत नाही. ती रक्तात काही रेणू सोडते, आणि त्यांचे निरोप मेंदूपर्यंत पोचतात. तिथल्या राखणदार पेशी त्यामुळे सावध होतात, साफसफाई करतात. पण निरोप वर्षानुवर्षं थांबलेच नाहीत, तर त्या चिडलेल्याच राहतात आणि चेतापेशींमधले चांगले धागेही कुरतडू लागतात. ताईचं विसरणं त्यामुळेच आहे का, हे त्यांना खात्रीने सांगता येईना. गेलेलं परत येईल असंही त्या म्हणाल्या नाहीत. आता गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत, एवढं बजावलं.

घरी येताना रिक्षात ताई म्हणाली, "त्यांना काय जातंय सांगायला. त्या एसीत बसतात."

आज तिने किसात मीठ घातलं. साखर मोजली. मग पुन्हा मीठ घातलं. मी पाहत होते, पण बोलायला उशीर झाला. तिसऱ्यांदा हात मिठाच्या बरणीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"अगं, मीठ घातलं का मी?"

"मी घातलं, ताई. जरा जास्तच पडलं माझ्याकडून."

"तुला कधी अंदाज आलाय मिठाचा?" ती खूश होऊन म्हणाली. मी आणखी तीन कैऱ्या सोलल्या. तिने साखर वाढवली.

१३ एप्रिल. सकाळी छुंद्याच्या परातीला मलमल बांधून ती गच्चीवर उन्हात ठेवली. खाली येऊन ताईला उपमा दिला आणि तिच्या तळहातावर गोळी ठेवली.

"उन्हाळ्यात?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यात," मी म्हटलं, आणि तिने ती गिळेपर्यंत पाण्याचा पेला धरून शेजारी बसून राहिले.